डार्क मॅटर दाखवतो म्हणाले: जुन्नरकडच्या आकाशदर्शन कॅम्पचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, लांबलाय. ज्यांना फक्त जावं की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: जा, पण पोस्टरवर जाऊ नका, स्वेटर न्या, आणि लहान पोरं नेणार असाल तर ती अकरा वाजता झोपणार हे धरून चाला. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

तर झालं असं की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत एक पोस्टर आलं. काळ्यावर निळं-जांभळं जाळं पसरलेलं आणि खाली ठळक अक्षरात 'डार्क मॅटर नाइट, बटू दीर्घिका आणि कृष्णद्रव्य प्रत्यक्ष पाहा'. (कृष्णद्रव्य म्हणजे डार्क मॅटरच, स्वतः दिसत नाही पण त्याच्या ओढीवरून कळतं असं द्रव्य, आणि बटू दीर्घिका म्हणजे फार थोड्या ताऱ्यांची छोटी दीर्घिका.) जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून पाऊण तासावर, जेवण-नाश्ता-तंबू धरून माणशी अठराशे. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे मी बरंच कुरकुरणार आहे आणि चार-पाच पोरं हौसेनं चालवतायत ते, त्यांच्या पोटावर कशाला पाय द्या. बायकोला पोस्टर दाखवलं तर म्हणाली, जे दिसतच नाही ते दाखवायचे अठराशे, भारी धंदा काढलाय. ती आली नाही. नववीतली भाची आली, तिला सुट्टी लागलेली आणि घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा मामाबरोबर गेलेलं बरं असा साधा हिशोब.

एप्रिलमधला अमावास्येच्या आसपासचा शनिवार. दुपारी दोनला पुण्यातून निघालो, चाकणला नेहमीप्रमाणे अडकलो, त्यात भाचीला खोडदच्या डिश बघायच्या होत्या म्हणून वाट वाकडी केली. जीएमआरटी हो, तीच ती मोठी रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही तिथे एकत्र आणि बाकीच्या वाय आकारात पंचवीसेक किलोमीटरवर पसरलेल्या. आतमध्ये सोडत नाहीत असं कधीही, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना आत नेतात तेव्हा जायचं. आम्ही रस्त्यावरूनच बघितल्या. कांद्याच्या शेतामागे ती तारांची भली मोठी परात आभाळाकडे तोंड करून उभी, आणि खाली एक म्हातारी आरामात शेळ्या चारतीये. या डिशचा पुढे संबंध येणार आहे, लक्षात ठेवा.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेलेले. जागा छान आहे, टेकडीच्या कुशीत तिन्ही बाजूंनी डोंगर, पलीकडे उसाचं शेत, अलीकडे काळा कागद अंथरलेलं मोठं शेततळं. ऊस म्हटल्यावर जुन्नरकरांना कळलंच असेल. पोचल्या पोचल्या पहिली सूचना ताऱ्यांची नाही, बिबट्याची: अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर जायचं नाही, टॉयलेटला जाताना दोघांनी जायचं, बोलत जायचं. भाची एकदम खूश. मी कमी.

आता तक्रारी एकदाच उरकून घेतो. पोस्टरवर दोन टेलिस्कोप होते, प्रत्यक्षात चालू एकच, दुसऱ्याचा फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, येताना गाडीत मोडला म्हणे. माणसं चौतीस. म्हणजे एका वस्तूसाठी तुमचा नंबर यायला पंचवीस मिनिटं आणि डोळा लावायला मिळणार अर्धा मिनिट, त्यातलं निम्मं "कुठंय? कुठंय? हां हां… नाही दिसत" यात जातं. टेंट ठीक, पण पांघरूण म्हणून जे दिलं त्याला मी चादर म्हणणार नाही, आणि एप्रिल असला तरी पहाटे तिथे गार वारा सुटतो. टॉयलेट दोन, स्वच्छ, पण दिवा पांढरा, म्हणजे जाऊन आलात की अंधाराला सरावलेले डोळे परत शून्यावर, पुढची वीस मिनिटं गेली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शेजारच्या पोल्ट्रीवरचा दिवा. साडेनऊपर्यंत चालू. आम्ही हेलोबद्दल, म्हणजे दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या न दिसणाऱ्या वेढ्याबद्दल, ऐकायला गेलेलो आणि हॅलोजननं वाट लावली. शेवटी आयोजकांपैकी एकजण बाइकवर जाऊन त्या पोल्ट्रीवाल्या मामांना विनवून बंद करून आला, तर हे आधी का नाही केलं हा माझा प्रश्न आहे.

जेवण मात्र एक नंबर. मासवडी, तर्रीचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. वाढणाऱ्या मावशी तिसऱ्या भाकरीला नाही ऐकत नव्हत्या.

आता मुद्द्याचं. साडेआठ-नऊला पहिली वस्तू लावली. सगळं सांगणारा दादा तिशीतला असेल, फिजिक्स शिकलेला, आवाज बसलेला. त्यानं आधी डोक्यावर मघा दाखवली, सिंह राशीतला तो ठसठशीत तारा, आणि म्हणाला याच्या अगदी शेजारी एक आख्खी दीर्घिका आहे, लिओ वन, आपल्या आकाशगंगेभोवती फिरणारी बटू दीर्घिका, आठ लाख प्रकाशवर्षांहून लांब. टेलिस्कोप दहा इंची डॉब्सनियन, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या तोफेसारखा, आणि मघा आलेली जवळजवळ थेट डोक्यावर, तिथे ही तोफ वळवताना भारी कसरत होते. लागला शेवटी. मी डोळा लावला, मघा असली काही चमकत होती की बाकी सगळं धुऊन गेलं. दादा म्हणे ताऱ्याला जरा फील्डच्या बाहेर सरकव, मग थेट न बघता कडेनं बघ, पिसासारखं काहीतरी जाणवेल. चौतिसातल्या तिघांना जाणवलं. एका काकांना जाणवलं असं ते म्हणाले, पण ते डोळा लावायच्या आधीच म्हणाले. भाचीनं स्पष्ट सांगितलं, मामा मला काहीही दिसलं नाही. मलाही नाही.

इथे बरेच लोक नाराज झाले आणि मी त्यांच्या बाजूनं आहे, कारण पोस्टरवर 'प्रत्यक्ष पाहा' लिहिलंय. पण दादानं जे केलं ते मला आवडलं, त्यानं सारवासारव केली नाही. म्हणाला, ही दीर्घिका १९५० साली अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या फोटोंमध्ये सापडली, तोवर माणसं शतकानुशतकं मघा बघतायत आणि कुणाला शेजारची दिसली नव्हती, तेव्हा तुम्हाला नाही दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. आणि याच मघेच्या चारेक अंश वर, असं म्हणत त्यानं हिरवा लेझर फिरवला, सेग्यू वन नावाची अजून एक आहे, ती तर जगातल्या कुठल्याच टेलिस्कोपला डोळा लावून दीर्घिका म्हणून दिसणार नाही, कारण तिचा सगळा उजेड मिळून आपल्या सूर्याच्या तीनशे पट. तीनशे सूर्य! आख्ख्या दीर्घिकेचा! आणि वजन काढलं तर फक्त मधल्या भागातच सूर्याच्या सहा लाख पट भरतं.

इथून जे सुरू झालं ते पुढचा सव्वा तास, आणि अठराशे वसूल झाले असतील तर इथे झाले. शेततळ्याच्या बांधावर सगळे सतरंज्यांवर बसलेले, टॉर्चना लाल जिलेटिन लावलेलं, स्लाइड नाही, प्रोजेक्टर नाही. (लॅपटॉप आणला होता, सिम्युलेशनचा व्हिडिओ दाखवायला, पण स्क्रीन उघडल्या उघडल्या सगळे ओरडले म्हणून बंद केला.)

वजन कसं काढतात हा प्रश्न भाचीनंच विचारला. दादा म्हणाला गोफण बघितलीयेस का, दगड जितका जोरात फिरेल तितकी दोरी घट्ट धरावी लागते, नाहीतर दगड सुटला. तारे दीर्घिकेत फिरतायत, किती जोरात ते त्यांच्या प्रकाशावरून कळतं, आणि ते सुटून पळत नाहीयेत म्हणजे कुणीतरी तेवढं घट्ट धरलेलं आहे. १९८३ मध्ये मार्क अ‍ॅरनसन या खगोलशास्त्रज्ञांनी कालेय तारकासमूहातल्या ड्रॅको या बटू दीर्घिकेतले तारे मोजले. किती तारे? तीन. फक्त तीन कार्बन तारे. त्यांच्या वेगातला फरक सेकंदाला साडेसहा किलोमीटरच्या आसपास आला, म्हणजे बाहेरून बघता काहीच नाही, पण जेवढे तारे तिथे दिसत होते तेवढ्यांच्या ओढीला तोही फार जास्त होता. लोकांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही, तीन ताऱ्यांवरून काय कळतं, जोडतारे असतील, चूक असेल. मग पुढे शेकड्यांनी तारे मोजले आणि अ‍ॅरनसन बरोबर निघाले. म्हणजे हे न दिसणारं जास्तीचं वजन फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये मोठ्या दीर्घिकासमूहात जे बघितलं, खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनी सत्तरच्या दशकात देवयानीसारख्या मोठ्या दीर्घिकांत जे मोजलं, तेच या चिल्लर दीर्घिकांत सगळ्यात जास्त टोकाचं आहे. मोठ्या दीर्घिकेत कृष्णद्रव्य असतं, या छोट्यांत जवळजवळ तेच असतं, तारे म्हणजे भाजीवरची कोथिंबीर.

मग एका काकांनी विचारलं की म्हणजे आधी दीर्घिका झाली आणि मग हे कृष्णद्रव्य येऊन चिकटलं का. आणि दादा उठून शेततळ्याकडे गेला. हा भाग मी आयुष्यात विसरणार नाही.

म्हणाला, काका, आधी तळं खणतात की आधी पाणी येतं? तळं. हेलो म्हणजे तो खड्डा, गुरुत्वाकर्षणाचा. विश्व नवीन होतं तेव्हा साधा वायू उजेडाला चिकटलेला होता, उजेड त्याला दाबून गोळा होऊ देत नव्हता, ही अवस्था सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं चालली. कृष्णद्रव्याला उजेडाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे ते आधीपासूनच गोळा व्हायला लागलेलं, म्हणजे खड्डे आधीच खणायला घेतलेले. उजेड आणि वायूची फारकत झाली तेव्हा वायू आयत्या खड्ड्यांत उतरायला लागला. आणि खड्डेही आधी लहान, मग लहान-लहान मिळून मोठे. आपल्या आकाशगंगेचा खड्डा आज साधारण लाख कोटी सूर्यांच्या वजनाचा आहे, तो असाच लहान लहान गिळून झालेला.

मग खाली बसला आणि कागदाच्या कडेला जिथे एक-दोन बोटं पाणी साचलेलं तिथे हात मारला. छपाक करून सगळं बाहेर, काकांच्या पायजम्यावर. मग मधल्या खोल पाण्यात हात मारला, लाटा आल्या आणि पाणी परत तिथेच. "एक तारा फुटला, सुपरनोव्हा," म्हणाला, "मोठ्या दीर्घिकेला काही फरक पडत नाही. लहान दीर्घिकेत दहा-वीस तारे फुटले की तिचा सगळा वायू खड्ड्याबाहेर. पाणीच नाही तर पुढचे तारे कशाचे?" म्हणून लहान हेलो हा फार आतबट्ट्याचा व्यवहार असतो म्हणे. आपल्या आकाशगंगेत हेलोच्या वजनाच्या पाचेक टक्के तरी ताऱ्यांत उतरलंय, पण हजार कोटी सूर्यांचा हेलो घेतला तर त्यात तारे म्हणून जेमतेम कोटीभर सूर्य, म्हणजे हजारात एक. शेतकऱ्याला विचारा असलं पीक परवडतं का.

आणि त्याच्याही आधी एक मे महिना येऊन गेलेला असतो. हा त्याचाच शब्द. पहिले तारे पेटले, त्यांच्या अतिनील उजेडानं विश्वातला सगळा पसरलेला हायड्रोजन तापला, दहा हजार अंशांच्या घरात गेला, हे सगळं पहिल्या अब्ज वर्षात. तापलेला वायू उथळ खड्ड्यात टिकत नाही, जसं मे महिन्यात उथळ डबकं टिकत नाही आणि खोल तळं कसंबसं टिकतं. ज्या लहान हेलोंनी त्या उन्हाळ्याआधी घाईघाईनं चार तारे बनवून घेतले त्यांच्याकडे तेवढेच राहिले, नंतर एकही नाही, सेग्यू वन त्यातली, सगळे म्हातारे तारे. आणि जे त्याहून हलके होते, ढोबळमानानं दहा कोटी सूर्यांच्या खालचे, त्यांच्यात बहुतेक काहीच पेटलं नाही. नुसते कोरडे खड्डे. ते आत्ताही आपल्या आकाशगंगेभोवती फिरत असणार, ताऱ्याविना, अंधारात.

हे ऐकून सतरंजीवर एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत उसात काहीतरी सळसळलं आणि चौतीस माणसं एकदम आत सरकली. कुत्रं होतं.

इथे दादानं त्या जुन्या भांडणाचीही गोष्ट सांगितली. १९९९ मध्ये कॉम्प्युटरवर आपल्यासारख्या दीर्घिकेचं गणित करून बघितलं तर तिच्याभोवती शेकडो लहान हेलो निघाले, आणि आकाशात तेव्हा माहीत असलेल्या उपदीर्घिका डझनभरसुद्धा नव्हत्या. मग गेले कुठे बाकीचे? कृष्णद्रव्याची कल्पनाच चुकली का? त्याचं उत्तर दोन बाजूंनी आलं, एक म्हणजे आपण नीट बघतच नव्हतो, स्लोन सर्व्हे, डार्क एनर्जी सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहण्यांनी नेटानं शोधल्यावर आज आकडा साठीच्या पुढे गेलाय, आणि चिलीत व्हेरा रुबिन यांच्याच नावाची वेधशाळा आता सुरू झालीये तर तो अजून वाढणार. आणि दुसरं म्हणजे ते कोरडे खड्डे, ते मोजणीत येणारच कसे. मला हे फार पटलं. आमच्या सोसायटीत मीटर किती हे बघून कुणी माणसं मोजली तर बंद फ्लॅटचं काय होईल तसंच.

काका मात्र हटेनात. म्हणाले हे सगळं ठीक आहे हो, पण हे डार्क मॅटर म्हणजे नक्की आहे काय? कण? दगड? भुतं? दादा म्हणाला, "माहीत नाही काका. कुणालाच नाही." मला वाटलं आता काका पैसे परत मागणार. पण ते म्हणाले, बरं झालं खरं बोललास.

आणि आता खोडद. मी विचारलं की येताना त्या डिश बघितल्या, त्यांचा यात काही हात? तर दादाचा बसलेला आवाज एकदम सुटला. म्हणे तारे संपतात तिथे बटू दीर्घिका संपत नाही, ज्यांच्याकडे वायू उरलाय त्यांचा हायड्रोजन बाहेर लांबपर्यंत असतो, तो डोळ्यांना नाही पण २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींत दिसतो, आणि ते बघायला खोडदची दुर्बीण झकास. आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी अशा फिकट बटू दीर्घिकांचा मोठा सर्व्हे तिथून केला. त्यातली एनजीसी ३७४१, सप्तर्षीच्या दिशेला, एक कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की तिचा वायू ताऱ्यांच्या तबकडीच्या आठपट लांब पसरलाय. आणि तो वायू शेवटपर्यंत फिरतोय, वेग पडतच नाही. हिशोब केला तर उजेडाच्या मानानं वजन सूर्याच्या शंभर पट. हे ज्या डिशनं मोजलं त्यातल्या एकीखाली संध्याकाळी शेळ्या चरत होत्या, आणि भाची माझ्याकडे असं बघत होती की बघ, मी म्हणत होते ना वाट वाकडी करू.

बाराच्या सुमारास दक्षिणेकडे नरतुरंग वर आला. ओमेगा सेंटॉरी. आधी डोळ्यांनी धुरकट तारा, मग माझ्या दहा बाय पन्नासच्या दुर्बिणीतून पौर्णिमेच्या चंद्राएवढा कापसाचा गोळा, आणि मग टेलिस्कोपमधून, बापरे. रवा सांडल्यासारखे तारे. काळ्या ताटावर बारीक रवा, मध्ये ढीग, कडेला विरळ होत गेलेला. एक कोटीच्या आसपास तारे आहेत त्यात आणि अंतर सतरा हजार प्रकाशवर्षं. इथे रांगेत कुणीही "कुठंय" विचारलं नाही. एक आजी डोळा लावून काही बोललीच नाही, मागच्यांनी दोनदा आजी आजी केल्यावर बाजूला झाली.

नावाला हा तारकागुच्छ, पण बऱ्याच खगोलवाल्यांच्या मते हे एका बटू दीर्घिकेचं उरलेलं काळीज आहे. तिचा हेलो, तिचे बाहेरचे तारे सगळं आपल्या आकाशगंगेनं ओरबाडून नेलं आणि ही बी तेवढी राहिली. २०२४ मध्ये हबलच्या वीस वर्षांच्या फोटोंवरून तिच्या मध्यात सात तारे फार जोरात पळताना सापडले, त्यावरून तिथे किमान ८२०० सूर्यांचं कृष्णविवर असावं असं निघालं, आणि साध्या गुच्छात असलं काही अपेक्षित नसतं. उत्तर भारतातल्या मित्रांना सांगून जळवायला ही चांगली गोष्ट आहे, त्यांना हा गोळा क्षितिजाला घासत दिसतो आणि आपल्याला वीसेक अंश वर.

त्यानंतर बहुतेक झोपले. भाचीसुद्धा. तिला साडेतीनला उठवायचं वचन दिलेलं म्हणून मी जागा, कारण चादरीत झोप येणं शक्यच नव्हतं.

साडेतीनला आम्ही नऊ जण. आकाशगंगेचा पट्टा पूर्वेकडून चढून आलेला, धनू राशीची किटली दक्षिणेला तिरकी टांगलेली. किटलीच्या बुडाशी दादानं एम ५४ लावला. रांग नव्हती, तेव्हा मी चांगली चार-पाच मिनिटं बघितलं, पहिल्यांदाच त्या रात्री. दिसतं काय, तर एक तारा, पण फोकस हललाय असा. मधे टिकली, भोवती धुकं. ओमेगा सेंटॉरीनंतर हे म्हणजे पुरणपोळीनंतर मारी बिस्किट. भाची डोळे चोळत म्हणाली, एवढंच?

मेस्सिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं १७७८ मध्ये हा ठिपका त्याच्या यादीत टाकला (एम म्हणजे मेस्सिए) आणि पुढची दोनशे वर्षं सगळे याला आपलाच एक गुच्छ समजत होते. १९९४ मध्ये इबाटा, गिलमोर आणि अर्विन यांना धनू राशीमागे एक आख्खी बटू दीर्घिका सापडली, आकाशगंगेच्या केंद्राच्या पलीकडे लपलेली, आणि हा ठिपका बरोबर तिच्या मधोमध. म्हणजे जे बघत होतो ते दुसऱ्या दीर्घिकेचं केंद्र, ८५ हजार प्रकाशवर्षांच्या पुढेमागे. लिओ वन नाही दिसली, सेग्यू वन दिसणारच नव्हती, ओमेगाबद्दल अजून वाद आहेत, पण हे पक्कं. आणि ती दीर्घिका आत्ता या क्षणी खाल्ली जातीये. आधी तिचा बाहेरचा हेलो गेला, कृष्णद्रव्य सगळ्यात बाहेर असतं म्हणून ते आधी जातं, मग तारे निघायला लागले, त्यांची लांबच लांब माळ आपल्या आकाशगंगेला वेढून गेलीये, डोक्यावरून पायाखालून. दादानं हात पसरून दाखवलं कुठून कुठे. तिथे काहीच दिसत नव्हतं अर्थात. भाची परत टेलिस्कोपला जाऊन डोळा लावून बसली आणि यावेळी ती दहा मिनिटं हटली नाही, मागे आम्ही आठ जण गारठत उभे. कुणी तिला उठवलं नाही.

तर रेटिंग. जेवणाला पाच, दादाला पाच, ओमेगा सेंटॉरीला पाच, व्यवस्थेला दोन, पोस्टरला शून्य. पोस्टर बदला रे बाबांनो, खरंच. 'डार्क मॅटर प्रत्यक्ष पाहा' ऐवजी 'लहान दीर्घिका कशा होतात, कशा उपाशी राहतात आणि कशा खाल्ल्या जातात' असं लिहिलंत तर माणसं कमी येतील पण लिओ वनच्या रांगेत भांडणार नाहीत. चौतीस लोकांना दोन चालू टेलिस्कोप हवेतच, नाहीतर वीसच घ्या. पोल्ट्रीवाल्या मामांना आधीच अंड्यांची ऑर्डर द्या म्हणजे दिवा आपोआप बंद होईल. आणि तो बांधावरचा तास दर वेळी ठेवा, पाऊस पडून तळं भरलं असेल तर अजूनच.

फोटो काढायला जाणार असाल तर नका जाऊ, मोबाइलवर यातलं काहीही येत नाही, मी काढलेल्या एम ५४ च्या फोटोत फक्त माझ्या अंगठ्याची कड आहे. ज्यांना एक ठिपका बघायला रात्रभर जागायची तयारी आहे त्यांनी जा. पुढचा कॅम्प नोव्हेंबरात आहे म्हणे, देवयानीच्या दोन बटू दीर्घिका दाखवणार आहेत, एम ३२ आणि एम ११०, त्या टेलिस्कोपमधून नीट दिसतात असं दादा छातीठोक म्हणतोय. भाचीनं तिच्या आईकडून परस्पर परवानगी काढून ठेवलीये. मी दोघांचे पैसे भरलेत, बायको अजून विचार करतीये, आणि गोधडी घरून नेणार आहे.